फक्कीनं आखलेली बोट

"हिला खोली म्हणत्यात? ह्यात माणसानं कूस तरी कशी बदलायची," हे पुटपुटले. मला ऐकवायचं नव्हतं, पण टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं.

श्रेया आमची एकुलती एक. अवसरीच्या कॉलेजात इंजिनीयर झाली, आता जावई आदेशराव आणि ती जर्मनीत असतात. आमच्या लग्नाला तीस वर्षं होतायत म्हणून तिनं घाट घातला, की आई-पप्पांना आठ दिवस ग्रीसच्या समुद्रात शिडाच्या बोटीवर फिरवायचं. पासपोर्ट आले, व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन झाले. राहिली होती ती बोट. दोन प्रकार होते, आणि कुठली ते रविवारी दुपारपर्यंत सांगायचं होतं.

एक बोट म्हणजे एकच लांबुळकं अंग. वारा भरला की ती कुशीवर कलते. दुसरीला दोन अंगं, शेजारी शेजारी, आणि वरून दोघांना जोडणारी माची. ती कलत नाही. इंग्रजी नावं श्रेयानं चारदा सांगितली, पण प्रयागआत्यांनी 'एकटी' आणि 'जोडबोट' म्हटल्यावर आमच्या घरात तीच चिकटली.

हे घरं बांधायचे ठेके घेतात. आख्ख्या पिंपरी पेंढारात निम्मे पाये यांनी आखलेत. फोटोवर यांचा भरवसा नाही. "जागेवर आखल्याबिगर कळत न्हाई," म्हणाले, आणि रविवारी सकाळी रिकाम्या कांदाचाळीपुढं चुन्याची फक्की घेऊन बसले. मोबाइलवरची मापं मी वाचायची, यांनी सुतळी ताणून पांढरी रेघ ओढायची. आधी एकटी आखायला घेतली, चाळीस फूट लांब. आतल्या खोल्या, मोरी, चूल, सगळं. नारळ फोडायचा तेवढा राहिला.

प्रयागआत्या म्हणजे यांची सख्खी आत्या, शेजारीच राहतात. कमरेवर हात ठेवून त्या बराच वेळ बघत होत्या.

"गोरख्या, तोंड पूर्वेला घेतलंस व्हय?"

"मग? चुकीचं हाय का?"

"आरं, ती पाण्यात फिरणार. दुपारच्याला तिचं तोंड कुठं आसंल, तुला ठावं हाय?"

एवढं मात्र यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

खरी अडचण तोंडाची नव्हती, खोल्यांची होती. एकटीत खोल्या तीन. एक बोट चालवणाऱ्याची, एक लेक-जावयाची, एक आमची. जोडबोटीत चार. श्रेया फोनवर म्हणाली होती, "चार आहेत आई, म्हणजे ज्याला जसं सोयीचं." आणि लगेच तिकडच्या हवेवर बोलायला लागली.

सोयीचं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत होतं. माझे सासरे, तात्या, अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना रात्रीतून तीनदा कुशीवर वळवायला लागायचं. म्हणून हे पडवीत त्यांच्या शेजारी झोपायला लागले. पाच वर्षं. तात्या जाऊन आता सहा वर्षं झाली. हे पडवीतच. भांडण नाही, तंटा नाही. तेराव्याच्या रात्री मी आत दोन उशा मांडल्या होत्या, सकाळी त्यातली एक उचलून ठेवली. पुढं बिबट्याच्या भीतीनं सगळा गाव घरात झोपायला लागला, तर यांनी पडवीला जाळी बसवून घेतली. चांगली रंग दिलेली.

तर मला कुठली बोट हवी होती? भाकरी थापताना वाटलं, एकटी. पाणी तापेपर्यंत वाटलं, जोडबोट. जावयाच्या देखत आम्ही दोघं दोन बाजूंना झोपायला जाणार, ते कसं दिसेल? आणि एकाच खोलीत गेलो, तर अकरा वर्षांनी बोलायचं काय? दिवा कुणी बंद करायचा? त्यात जोडबोटीत वेगळं झोपायचं आणि एकटीत एकत्र, हे तर मला पहिल्यापासून उलटंच वाटत होतं.

"जोडबोट बरी," मी म्हणाले. "मला एष्टीत पण मळमळतं."

"मी पण तेच म्हणतो," हे झटकन म्हणाले. मला उगाच राग आला. मग फक्कीचं घमेलं इकडून तिकडं ठेवत म्हणाले, "तशी एकटीला बुडाशी वजन आसतंय. कलती, पण पडत न्हाई."

"मग एकटी घ्या."

"मी कुठं घे म्हणलो?"

"मग आत्ता काय म्हणालात?"

"माहिती दिली."

आत्या खाली बसल्या. "बैल घेताना दात बघून घटकाभरात ठरवतोस की रं. आनं घर बांधताना पलंग मावतोय का बघतोस, मंग हितं झोपून बघा की दोघं."

"भर अंगणात?" मी म्हणाले.

"मी कोंबड्यांकडं बघती. जा, गोधडी आन."

गोधडी आणली. एकटीच्या अगदी पुढच्या टोकाला आमची खोली होती. डोक्याकडं साडेपाच फूट रुंद, पायांकडं जेमतेम दोन. झोपायचं धाडस झालं नाही. आम्ही रुंद बाजूला पाठ करून, पाय टोकाकडं पसरून बसलो, मधे हातभर जागा सोडून. पण रेघा पुढं जवळजवळ येत होत्या. कितीही आखडून घेतले, तरी पाय एकमेकांना लागायचेच. यांच्या टाचांच्या भेगांत फक्की भरली होती. पूर्वी मी त्यात मेण भरायची.

हे पाय काढून घेतील असं वाटलं. काढले नाहीत. मी पण नाही.

तेवढ्यात यांच्या खिशातला फोन वाजला. श्रेयाचा व्हिडिओ कॉल. यांनी फोन मांडीवर उभा धरला.

"पप्पा, तुम्ही जमिनीवर का बसलाय? बरं ऐका, जोडबोटच करते बुक. चार खोल्या, म्हणजे सगळ्यांना मोकळं. करू ना?"

मी यांच्याकडं बघितलं. हे पायांकडं बघत होते. आत्यांच्या कोंबड्या केव्हाच चाळीमागं गेल्या होत्या, तरी आत्या तिकडंच बघत होत्या.

"पप्पा? ऐकू येतंय ना?"

"येतंय," हे म्हणाले. मग फोनकडं न बघता माझ्याकडं वळले.

"श्रेयाची आई, तात्या गेले तवाच मी आत यायला पायजे व्हतं. तू बोलावशील म्हणून थांबलो."