खूण सांगा, न्या

मामंजींना जाऊन अकरा वर्षं झाली, पण त्यांनी रंगवून घेतलेली पाटी अजून आमच्या गल्ल्याच्या वर आहे. ‘विसरलेली वस्तू मिळेल. खूण सांगा, न्या.’ खाली हेच कन्नडमध्ये. दुर्गदबैलाच्या बाजारातलं आमचं दुकान म्हणजे मॅचिंग सेंटर. ब्लाउजपीस, परकर, साडीचे फॉल. इथे बायका एका हातात साडी, दुसऱ्या हातात पोर आणि काखेत भाजी घेऊन येतात, आणि जाताना या तिन्हींतलं काहीतरी विसरतात. पोर आजवर दोनदाच राहिलं. बाकी सगळं नेहमीचंच.

राहिलेल्या वस्तूंसाठी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्याबाबत मामंजींचा नियम कडक होता. वस्तू दाखवायची नाही, तिचं नावही घ्यायचं नाही. काय हरवलं, कशात होतं, खूण काय, ते समोरच्यानं सांगायचं. “आपण आधी बोललो की वस्तू गेलीच म्हणून समज,” असं म्हणायचे. एकदा पेटीत कवळी होती. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ तोंडाला रुमाल लावून आले, आणि मामंजींनी त्यांनाही विचारलं, “खूण काय?” मी परकरांच्या गठ्ठ्याआड जाऊन हसले होते.

नियम मोडला तो मीच.

त्या मंगळवारी गर्दी ओसरल्यावर काउंटरखाली एक पांढरी पिशवी सापडली. तोंडाला दोन गाठी मारलेल्या. त्या सोडून आत बघितलं. हिरवी इरकल, लाल पदर. आमच्या भागात अशी साडी नाही असं घर सापडायचं नाही. वास आला चुलीच्या धुराचा, खोबरेलाचा आणि कुणाच्यातरी अंगाचा. मनात आलं, मॅचिंगला आणायची तर धुऊन तरी आणावी बाईनं. गाठ परत बांधली आणि पिशवी पेटीत टाकली. आत साडीला काय काय खुणा आहेत ते बघितलं नाही.

बुधवारी दुपारी शकुंतलाबाई आल्या.

बाई धारवाडला मराठी शाळेत छत्तीस वर्षं शिक्षिका. मी काही त्यांची विद्यार्थिनी नव्हे. सातवीनंतर माझं दप्तर आईनं डाळी ठेवायला घेतलं. पण लग्न होऊन या गल्ल्यावर बसले तेव्हा बाई फॉल घ्यायला आल्या, आणि बिलामागच्या कागदावर मी काय खरडतेय ते त्यांनी उलटं वाचलं. पुढच्या खेपेला दोन पुस्तकं घेऊन आल्या. “वाचून परत दे. पानं दुमडू नकोस, कान पिळीन.” वीस वर्षं हे चाललं. मला जे काही चार शब्द येतात, ते या काउंटरवर उभ्या-उभ्या मिळालेले आहेत.

त्या दिवशी बाई वाळल्यासारख्या दिसल्या. दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, “सुलभा, माझं काही राहिलंय का गं इथे?”

“काय राहिलं बाई?” एवढंच विचारून गप्प बसायला हवं होतं. बाई इकडे बघत होत्या, तिकडे बघत होत्या. त्यांना आठवेना. छत्तीस वर्षं दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या बाईला माझ्यासमोर उत्तर येत नाही, हे मला बघवेना. मीच उठले, पेटी उघडली आणि पिशवी वर काढली.

“ही का बाई? इरकल आहे. हिरवी.”

बाईंनी गाठ सोडली. साडी नाकाशी नेली. डोळे भरून आले.

“हीच गं. आईची.”

मी ती चांगल्या कापडी पिशवीत घालून दिली. पांढरी पिशवी मळकी होती, ती टाकली. बाईंना रस्ता ओलांडून रिक्षात बसवलं आणि परत येऊन पाटीखाली बसले. मन अगदी तृप्त होतं.

शुक्रवारी सकाळी मी शटर वर करतेय तोवर पायरीवर एक म्हातारी बसलेली दिसली. पायात रबरी चपला, पदर डोक्यावर, हातात पाण्याची बाटली.

“अक्का, मी मंगळवारी आलते न्हवं, बिलोजपीस बघाया? अळणावराकडची, जनाबाई. गाडी चुकंल म्हणून पळाले, आनि पिशवी हितंच ऱ्हायली. दोन दीस गाडीअड्ड्यावर हुडकत व्हते. मग तुमची पाटी ध्यानात आली.”

शटरची किल्ली माझ्या हातातच राहिली. तोंडानं मात्र सवयीनं विचारलं, “खूण काय मावशी?”

“पांढरी पिशवी, दोन गाठी. हिरवी इरकल. निऱ्यांच्या जागी विस्तवानं भोक पडलंय, रुपयाएवढं. हिरवा दोरा नव्हता, तवा तिनं पिवळ्यानंच शिवलं. मी म्हटलं, गे, लोक हसतील. तर म्हनली, आई, निऱ्यात कोन बघतंय?” म्हातारी जरा हसली. “माझी सविता. लेक. चार वर्सं झाली तिला जाऊन. तिचीच हाय ती.”

मग तिनं बाकीचं सांगितलं. सविताच्या मुलीचं, भारतीचं, परवाचा सोडून पुढच्या रविवारी लग्न. त्यांच्याकडे हळदीला नवरीच्या डोक्यावर आईचा पदर धरतात. आई नसेल तर आईची नेसलेली साडी. कोरी चालत नाही, दुसऱ्या कुणाची चालत नाही. “पोरगी म्हनली, आज्जी, त्या साडीवर मला ब्लाउज बी शिवून दे, मी हळदीनंतर नेसंन. म्हणून आनली व्हती. एरवी मी ती कदी भाईर काढत नाय.”

“पेटीची किल्ली यांच्याकडे आहे,” मी म्हणाले. “हे तारिहाळला कामावर गेलेत. सोमवारी या मावशी. काढून ठेवते.”

पेटीला कुलूप कधीच नव्हतं. माझ्या मागेच ती उघडी पडली होती, आणि म्हातारीला ती दिसतही असणार. पण तिनं माझ्याकडेच बघितलं, आणि मान हलवली.

“हाय न्हवं, अक्का?”

“आहे.”

“मग येते.” पायरी उतरताना तिनं पाटीला नमस्कार केला. देवाला करतात तसा.

शनिवारी दुपारी शटर ओढून मी धारवाडची बस धरली. वाटेत बोलायचं काय ते जुळवत होते. बाई, चूक झाली. बाई, ती साडी तुमची नव्हे. बाई, तुम्ही खोटं… इथे मी थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. धारवाडच्या अलीकडचं नवलूर आलं तरी वाक्य पुढे सरकलं नव्हतं.

दार त्यांच्या सुनेनं उघडलं. वेदश्री तिचं नाव, बँकेत आहे. मी कुठल्या दुकानातून आले ते सांगितल्यावर ती बाजूला झाली. मग हळूच म्हणाली, “काय आणलंय त्यांनी तुमच्याकडून?”

आतल्या खोलीतलं कपाट तिनं उघडून दाखवलं. तीन छत्र्या. एक चष्मा. कुणा शाळकरी मुलाची पाण्याची बाटली. स्टीलचा डबा, त्यावर ‘अनिश’ असं कोरलेलं. एका पायातली चप्पल. प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली: किराणा, मेडिकल, चप्पलवाला?

“दीड वर्ष झालं, काकू. डॉक्टर म्हणतात, वाढतच जाणार. आमचा डोळा चुकवून बाहेर पडतात, दुकानात जाऊन विचारतात, माझं काही राहिलंय का. आणि लोक देतात! निम्मा गाव त्यांच्या हाताखालून गेलेला. बाईंना नाही कोण म्हणणार? त्या बिचाऱ्या तर काही मागतही नाहीत. दर वेळी दुकानदारच सांगतो, हे का बाई, ते का बाई.”

मी कपाटातल्या चपलेकडे बघत राहिले.

“साडी परसात आहे,” ती म्हणाली. “या.”

परसात दोरीवर साडी पसरलेली होती. हिरवं अंग, लाल पदर, निऱ्यांच्या जागी पिवळा ठिपका. माझा जीव भांड्यात पडला. खाली खुर्ची टाकून बाई राखण करत बसल्या होत्या.

“ये सुलभा. आईची साडी बघ. हे बघ, इथे शेगडीनं जळलं होतं. आईनं पिवळ्या दोऱ्यानं शिवलं. मी म्हटलं, लोक हसतील. तर म्हणाली, निऱ्यात कोण बघतंय!”

तीन दिवस साडी हातात होती, त्यात त्यांनी खूणही शोधली आणि खुणेची गोष्टही. जनाबाई आणि बाई शेजारी उभ्या राहिल्या असत्या, तर मामंजींच्या नियमानंसुद्धा निवाडा करता आला नसता.

वेदश्री कानाशी म्हणाली, “चारला झोपतात. तेव्हा घेऊन जा.”

तेच सोपं होतं. पण ज्या बाईनं मला पुस्तकं दिली, ती राखत बसलेली वस्तू तिच्या झोपेत पळवायची? मी खाली फरशीवर बसले.

“बाई, माझं चुकलं. ही साडी दुसऱ्या कुणाची आहे. मी न विचारताच तुम्हाला दिली. तिच्या नातीचं लग्न आहे, पुढच्या रविवारी. पोरीला आई नाही. ही आईची साडी.”

बाईंनी साडीकडे बघितलं. मग ताठ बसल्या. आवाज बदलला. वर्गातला असावा तो; मी कधी ऐकला नव्हता.

“खूण विचारली होतीस?”

“नाही.”

“का नाही?”

“तुम्ही होतात म्हणून.”

“मी असले म्हणून काय झालं? उभी राहा.”

मी उभी राहिले. बावन्न वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, परसात उभी.

“कान पकड. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवायची नसते. पहिलीतल्या पोराला कळतं.” मग उठून त्यांनीच दोरीवरचे चिमटे एकेक करून काढले. साडीची घडी मात्र त्यांना घालता येईना. दोनदा घातली, दोनदा निसटली. वेदश्रीनं दुसरं टोक धरलं.

मी फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. “वेदश्री, दोरीवर आईची साडी होती ना गं?”

सोमवारी पहिल्या गाडीनं जनाबाई आली. मी साडी कागदात बांधून, वर ब्लाउजपीस ठेवून तयार होते. पीस माझ्याकडून म्हटलं तर हात जोडून नको म्हणाली, मग आहेर समजून घेतला.

साडी तिनं काउंटरवर उलगडली. पिवळ्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. मग दोन्ही हातांत गोळा करून तोंडाशी नेली आणि तशीच थांबली. पुन्हा नेली. पदराकडून बघितलं, काखेच्या जागी बघितलं, मधल्या घडीत नाक खुपसलं. मला कळायला तेवढाच वेळ लागला. साडीला पावडरीचा वास येत होता. वेदश्री बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू आधी धुते आणि मग मालक शोधते. चांगल्या घरची पोर आहे.

“धुतली व्हय, अक्का?”

“हो मावशी. धुरकट झाली होती.” अगदी खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

“चार वर्सं मी पानी लावलं नव्हतं तिला.” ती साडीशीच बोलल्यासारखी बोलली. “पोरगी रडाया लागली की गाठ सोडून द्यायची तिच्या हातात. जरा वास घ्यायची, नि निजायची. दोन गाठी त्याच्यासाठीच मारत व्हते. वास जाऊ नये म्हणून.”

तिनं माझ्याकडे बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, माझ्या हातावर हात ठेवला.

“बरं केलंस. लगनात धुतलेलीच बरी दिसती.” घडी घालताना इकडेतिकडे बघून म्हणाली, “ती पांढरी पिशवी कुटं हाय? तिला तरी आसंल.”

पिशवी मी बुधवारीच टाकली होती. कचऱ्याची गाडी गुरुवारी सकाळी येते.

“नाही मावशी.”

“बरं,” ती म्हणाली. कागद नीट बांधला, पोटाशी धरला आणि गाडीअड्ड्याकडे गेली. या वेळी पाटीकडे बघितलं नाही.

रविवारी सकाळी हळदीच्या वेळेला मी देवापाशी उगाचच दिवा लावला. यांनी विचारलं, आज काय? म्हटलं, काही नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी शकुंतलाबाई दारात उभ्या. पायात दोन वेगळ्या चपला.

“सुलभा, माझं काही राहिलंय का गं इथे?”

पेटीत तेव्हा एक छत्री होती, एक कानातलं आणि लहान मुलीचा एक मोजा. मी पेटीवर बसून घेतलं. मग विचारलं.

“खूण सांगा, बाई.”

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. वर पाटीकडे बघितलं, ओठ हलवत ती वाचली, मराठीही आणि कन्नडही. मग माझ्याकडे वळल्या. कविता पाठ न झालेलं पोर बघतं तसं बघत होत्या.

“खूण आठवत नाही गं. पण राहिलंय, एवढं नक्की.”

मी त्यांना आत घेतलं, स्टूल दिलं आणि वेदश्रीला फोन लावला. ती येईपर्यंत बाई काउंटरवरच्या ब्लाउजपीसांच्या घड्या एकेक उलगडून नाकाशी नेत होत्या आणि बाजूला ठेवत होत्या. सगळे कोरे. मी त्यांना अडवलं नाही.