काळी चारचा ताण

भीमराजला आता खुंट्या पिळण्याचाच वीट आला होता. दिवसभर भालकीच्या बस स्टँडसमोर सायकलींच्या चाकांचे स्पोक ताणायचे, आणि जयंतीचे दिवस आले की गिटारच्या तारा. त्यातही गेली नऊ वर्षं तो गिटारचं काम चोरून करत होता, आणि पन्नाशीतल्या माणसाला चोरी झेपत नाही.

चोरी होती विमलबाईंच्या सुराची. भीमराज ज्या गायन पार्टीत गिटार वाजवायचा, तिचा गळा म्हणजे विमलबाई. सत्त्याहत्तर साली टायफॉईडमधून उठून त्या निर्ण्याला गायला गेल्या आणि वरच्या सुरात आवाज फाटला. परतीच्या ट्रकमध्ये पदराआड तोंड करून त्या भालकी येईपर्यंत रडल्या. पुढच्या कार्यक्रमाला भीमराजने कुणाला न विचारता गिटार त्यांच्या नेहमीच्या काळी चार पट्टीवरून अर्धा सूर खाली उतरवली. पार्टीत ढोलकी, झांज आणि गिटार एवढंच असायचं. विमलबाई सूर घ्यायच्या तो गिटारवरून. त्या दिवशी त्या झकास गायल्या. मग दर दोन-तीन वर्षांनी तो आणखी थोडा उतरवत राहिला.

पण सूर उतरवला की तार सैल पडते आणि गिटारच्या दांडीवरच्या पट्ट्यांवर खरखरते. म्हणून त्याने हैदराबादहून जाड तारा आणवल्या. जाड तार खालच्या सुरातही ताठ राहते. कुणाला काही कळलं नाही. विमलबाई तर येईल त्याला सांगायच्या, "साठी आली, पर आपली काळी चार सुटली न्हाई." तेव्हा भीमराज उगाच गिटारवरची धूळ पुसत बसायचा.

शहाऐंशी साली जयंती कमिटीच्या रामरावांनी नवी कोरी हार्मोनियम आणली. वाजवणारा अजून मिळायचा होता, पण पेटी आली. पेटी कुणाची भीड ठेवत नाही. विमलबाईंनी हौसेने काळी चार दाबली, गाऊन बघितलं, आणि गळा तिथे जाईना. रोजच्या सुरात गात त्या पेटीच्या पट्ट्या चाचपत गेल्या, तेव्हा बोट दीड सूर खाली, पांढरी चारवर येऊन थांबलं. निर्ण्यानंतर आपला गळा एकाएकी कसा सुधारला ते त्यांना कळलं, आणि तशाच तडक त्या सायकलच्या दुकानात आल्या.

"नऊ वर्षं मला कामून फसवायलास?"

"फसवलं न्हाई, अक्का. आजारपणानंतर तुमचा गळा वर जाईना. तुमचं रडणं मला बघवलं न्हाई."

"जाईना म्हणून तू कोण ठरवणार? परवा खटकचिंचोळीत काळी चारच लाव."

"ह्या तारा जाड हायत, अक्का. तितं नेल्या तर ताण दीडपट होतोय. तारा अडकवलेली घोडी उपटून हातात येईल."

"मग बारीक घाल."

"बघतो," भीमराज म्हणाला.

बारीक तारांचं पाकीट त्याच्या खणातच होतं. बारीक तारा घातल्या तर गिटार सुखाने काळी चारला जाणार होती, आणि अक्का चार गावांच्या समोर तोंडघशी पडणार होत्या. जाड तारा तशाच ताणल्या तर सरसाने चिकटवलेली घोडी पहिल्या कडव्याआधीच निघणार होती. मग गिटारचा दोष, ढोलकीवर गाणं, आणि अक्कांचा गळा सापडेल त्या सुरात. बीदरच्या एका पास्टरकडून घेतलेली ती गिटार त्याने वीस वर्षं लेकरासारखी सांभाळली होती. त्याने खण बंद केला. फार विचार करायचंही त्याच्या अंगात उरलं नव्हतं.

खटकचिंचोळीच्या मांडवात दुपारी चारला कार्यक्रम सुरू झाला. भीमराजने जाड तारा काळी चारला चढवल्या. खुंटी पिळताना बोटं लाल झाली, लाकूड बारीक करकरलं. विमलबाईंनी मुखडा धरला. भीमराज श्रोत्यांकडे बघतच नव्हता, त्याचा डोळा घोडीवर होता. आता निघेल, मग निघेल. पण ती जागची हलेना. मोडायला हवी तेव्हाच नेमकी न मोडणाऱ्या त्या गिटारचा त्याला मनापासून राग आला.

कडवं वर गेलं आणि विमलबाईंचा आवाज फाटला. भीमराजने मान खाली घातली.

विमलबाईंनी माईक जवळ ओढला. "जरा थांबा," त्या लोकांना म्हणाल्या. "माझा गळा आता तितपर्यंत जाईना झालाय. भीमराज, सूर उतर."

कुणी हसलं नाही. कुणी विडी पेटवली, बायकांनी लेकरं सावरून घेतली, कुणीतरी विमलबाईंना पाण्याचा तांब्या दिला. भीमराज एकेक खुंटी सैल करू लागला. विमलबाई पाणी पिऊन त्याच्याकडे वाकल्या.

"त्या वक्ताला मला इचारला असतास तर मीच म्हणले असते, उतर म्हणून. रडले असते एक दिवस. तू मला तेवढंबी करू दिलं न्हाईस."

नऊ वर्षं आपण अक्कांची अब्रू राखतोय अशा भ्रमात भीमराज होता. खरं म्हणजे ही बाई खरं ऐकून उभी राहील, एवढाही भरवसा त्याने तिच्यावर ठेवला नव्हता. भर मांडवात त्याला स्वतःची लाज वाटली.

"झालं का?" विमलबाईंनी विचारलं.

"एक तार राहिली, अक्का."

"सावकाश कर," त्या म्हणाल्या. "लोक थांबायलेत."