पहिला घोट वैद्याचा

भरल्या बाजारात मी माझ्या हातचं पस्तीस बाटल्या औषध गटारीत ओतलं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

अक्कलकुव्यात माझं वैद्यकीचं दुकान. गळ्यात माळ, त्यामुळे दारूला कधी तोंड लावलं नाही. पण अडुळशाचं खोकल्याचं औषध दारूशिवाय टिकेना. डोंगरातल्या काठी गावची फुलीबाई मोहाची दारू आणून द्यायची आणि मी नाक दाबून ती औषधात ओतायचो. सन अडतीसमध्ये सरकारी शिपायांनी डोंगरातल्या भट्ट्या फोडल्या. मग एका फिरत्या विक्रेत्याकडून मी स्पिरिट घेतलं. तेही नाक दाबूनच ओतलं. असला मेला माझा सोवळेपणा!

पहिली बाटली न्यायला फुलीबाईच आली. तिचा नवरा खात्या महिनाभर खोकत होता. तिच्या लोकांत दारू देणारा आधी धरणीच्या नावानं जमिनीवर धार सोडतो आणि पहिला घोट स्वतः घेतो. आजवर दारू तिची, म्हणून घोटही तीच घ्यायची.

"बाबा, आज दारू तुन्ही शे. पहिले तू पी, मंग मन्हा खात्या पी."

माळकऱ्याला दारू पाजते म्हणून लोक हसू लागले. मी संतापलो. रागाच्या भरात बूच काढलं, धार सोडली आणि बाटली ओठांशी नेली. तेव्हा कुठे तो वास नाकात शिरला. औषधातल्या ओव्याच्या वासाखालून समोरच्या भिला सुताराच्या दुकानाचा वास येत होता.

मी भिलाला हाक मारली. त्यानं हुंगलं आणि ओरडलाच, "फेका ते! हाई पॉलिशनं स्पिरिट शे. हाई पिसन मन्हा भाऊना डोया ग्यात!"

त्याचा भाऊ तेच पिऊन आंधळा झाला होता. ही बाटली खात्याच्या घरी निघाली होती. मी सगळ्या बाटल्या रिकाम्या केल्या आणि औषध आता कशात ठेवू, असं फुलीबाईलाच विचारलं.

"धाकला पोरसले आम्ही मधमां देतस," ती म्हणाली.

त्या दिवशी तिला ताजा काढा दिला. पुढच्या बाजारी तिनं मध आणला. अडुळशाचा रस आटवून मी त्यात घोटला. महिना गेला, बुरशी नाही की आंबट वास नाही. मी दुकानात एकटाच नाचलो!

होळीआधीच्या बाजाराला खात्या डोंगर उतरून आला, खांद्याला ढोल अडकवून. दुकानासमोर त्यानं असा ढोल घुमवला की सगळा बाजार जमला. खोकला औषधालासुद्धा उरला नव्हता. मग त्यानं मधातल्या औषधाची नवी बाटली माझ्यापुढे धरली.

"पहिले तू पी."

मी माळ सावरली, जमिनीवर धार सोडली आणि सगळ्यांदेखत भलामोठा घोट घेतला.