संगणकाची थरथर आणि माझी सरळ रेघ

मित्रांनो, खिडकीखालचं अख्खं टेबल अडवून बसलेली जुनी प्रतिकृती ती मीच. लांबच्या गावांना वीज पाठवताना एका प्रकारची वीज दुसऱ्या प्रकारात बदलणारी अवाढव्य यंत्रं असतात, त्यांचं मी छोटं रूप. या प्रयोगशाळेतल्या मामांनी माझी तांब्याच्या तारेची एकेक गुंडाळी हातानं वळली. नवा आराखडा आधी माझ्यावर जोडून तपासायचा; पंचवीस वर्षं इथे माझा शब्द शेवटचा होता.

मग मामांची भाची इंजिनिअर होऊन इथेच आली आणि तिनं तो संगणक आणला. ना तार, ना गुंडाळी, नुसती आकडेमोड! तरी जो तो त्याच्याच तोंडाकडे बघणार. माझ्या अंगावर चहाचे कप ठेवू लागले. जळू नको तर काय करू?

एके दिवशी मला तळघरात टाकायला ढकलगाडी आली. नेमकी त्याच दिवशी भाची रडकुंडीला आलेली. संगणकाच्या पडद्यावर तिच्या नव्या आराखड्यात स्विच बंद झाला, की गुंडाळीवरचा विजेचा दाब करवतीच्या दातांसारखा थरथरत होता.

"मामा, तीन दिवस झाले, दोष सापडत नाही."

"तुझ्या लाडक्याला विचार ना."

"टोमणे नंतर मारा हो!"

"बरं. हिच्यावर जोडून बघ."

तिनं तशीच जोडणी माझ्यावर केली. मापकाच्या पडद्यावर त्याच दाबाची माझी रेघ सरळ, स्वच्छ.

"मग खोटं कोण बोलतंय?"

"तो वेळ सलग बघत नाही, पायरीपायरीनं उड्या मारतो. पायरी निम्मी कर. थरथर खरी असेल तर तिचा वेग बदलणार नाही."

पायरी निम्मी झाली आणि थरथर दुप्पट वेगानं धावू लागली! स्विच दोन पायऱ्यांच्या मधेच बंद होत होता. पठ्ठ्याला ते उशिरा कळायचं, आणि झालेली चूक तो पुढे प्रत्येक पायरीवर खालीवर हिंदकळत न्यायचा. आराखड्यात दोष नव्हताच. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

टिकला मात्र घटकाभर. भाचीनं त्याला स्विच बंद होण्याचा नेमका क्षण हुडकायला शिकवलं, आणि त्याची रेघ हुबेहूब माझ्यासारखी आली. सगळे म्हणाले, "वा, काय अचूक आहे!" अचूक कशावरून? माझ्यावरून ना? ते कुणाच्या तोंडून निघालं नाही.

भाचीनं मात्र ढकलगाडी रिकामीच परत पाठवली. माझी सैल पडलेली गुंडाळी हातात धरून म्हणाली, "मामा, ही कशी वळायची ते मला शिकवा."

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण त्याचं खरंखोटं जिच्याशी ताडून बघायचं, तिलाच भंगारात काढू नका. आणि त्याचं कौतुक माझ्यासमोर तरी जरा हळू आवाजात करा.