बाईसाहेबांची पाहुणी

“बस ना गं इदा. आज तू पाहुणी आहेस आमची,” बेनेदिता म्हणाली आणि तिनं वाळूतली कॅनव्हासची बुटकी खुर्ची हातानं थोपटली.

इदालिना उभीच राहिली. त्या खुर्चीत बसायचं कसं, हेच तिला कळेना. इतक्या उन्हाळ्यांत अशा खुर्च्या तिनं बंगल्यातून वाळूपर्यंत वाहिल्या होत्या, उघडल्या होत्या, संध्याकाळी झटकून मिटल्या होत्या. बूड मात्र एकीतही टेकलं नव्हतं. शेवटी एका हातानं झगा आवरून, दुसऱ्या हातानं वाळूचा आधार घेत ती धपकन बसली. गुडघे हनुवटीशी आले. लिस्बनहून आलेल्या पाहुण्यांपैकी कुणी हसलं नाही. ती माणसं हसणाऱ्यांतली नव्हतीच.

किनारा तसाच होता, रुंद आणि पांढरा. पाइनची झाडं, मागं भाताची खाचरं, पुढं अटलांटिकचं थंडगार निळं पाणी. फक्त कोळ्यांच्या झोपड्या गेल्या होत्या आणि त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या गवती छत्र्या उभ्या राहिल्या होत्या, एकमेकींपासून इतक्या लांब की शेजारच्याचा खोकला त्याच्याच छत्रीखाली राहावा. इथं शांतता हीच सगळ्यांत महाग वस्तू होती. मुलंसुद्धा हळू आवाजात रडत.

बेनेदिताचा फोन आठवड्यापूर्वी आला होता. मम्माला तुझी फार आठवण येते, तुझंच नाव घेते, रविवारी ये, कामाला नाही हं, जेवायला ये, समुद्रात डुंबायला ये, असं ती म्हणाली होती. इदालिनाचा ऊर भरून आला होता. अठराव्या वर्षी ती या घरात कामाला लागली तेव्हा बेनेदिता नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या घातल्या, तिच्या उवा काढल्या. पण तिला ‘तुम्ही’च म्हणायचं, ही घराची रीत होती, आणि ती इदालिनानं आजतागायत पाळली होती.

फोन ठेवल्यावर तिनं सेतुबालच्या बाजारातून निळा पोहण्याचा पोशाख आणला. आयुष्यातला पहिला. ती आणि तिची थोरली बहीण झुल्मिरा आईच्या मागं राहिलेल्या दोन खोल्यांत राहत. झुल्मिरानं तो पोशाख दोन बोटांत धरून उजेडात पाहिला.

“राणीसाहेब डुंबायला निघाल्या,” ती म्हणाली. “जा हो. त्यांना कुणीतरी पाट-पाणी करायला हवं असेल.”

इदालिनानं पोशाख तिच्या हातातून घेतला आणि घडी घालून ठेवला. दोघींत बोलणं एरवी एवढंच होई: गॅस संपला, पाऊस येतोय, कपडे काढ. चाळीस वर्षं त्यांच्यामध्ये एक लहान मुलगी मरून पडली होती, आणि तिला ओलांडून बोलणं दोघींनाही जमलं नव्हतं.

ती मुलगी ओदेत. इदालिनाची. बाप फ्रान्सला बांधकामावर गेला तो तिकडचाच झाला. इदालिना खाडीपलीकडं बंगल्यावर राही, म्हणून ओदेत सेतुबालला मावशीकडं. सहा वर्षांची असताना एका ऑगस्टमध्ये तिला ताप चढला, मान ताठ झाली आणि एका रात्रीत सगळं आटोपलं. इदालिनाला बेनेदिताच्या आईनं, बाईसाहेबांनी, पहाटे उठवून सांगितलं, आत्ताच फोन आलाय म्हणून. स्वतःची गाडी दिली, ड्रायव्हर दिला, तिचा हात हातात घेऊन त्या रडल्या. इदालिना पोचली तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. झुल्मिरा म्हणाली, मी दुपारीच फोन केला होता, एका मुलीनं उचलला, निरोप देते म्हणाली. ओदेत शुद्धीवर होती तोवर धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला की विचारायची, आई आली का?

इदालिनानं तिच्यावर विश्वास ठेवला नाही. तू झोपली होतीस, म्हणाली. आता अंगावर येऊ नये म्हणून बाईसाहेबांवर ढकलतेस. जिनं गाडी दिली, पांढरी शवपेटी दिली, थडग्यावर दगड बसवून दिला, ती खोटं कशाला बोलेल? दहा दिवसांनी ती कामावर परतली आणि पुढं गुडघे जाईपर्यंत त्या घरात राबली. आईच्या मयतालाही ती झुल्मिराच्या शेजारी उभी राहिली नाही. म्हातारपणी मात्र दोन पेन्शनींत एकच छप्पर परवडलं.

त्या रविवारी दुपारचं जेवण छान झालं. इदालिनाला टेबलाशी बसवलं, मासा वाढला, वाइन ओतली. मासा थोडा जास्त भाजला गेला होता, पण ती बोलली नाही. दोनदा ती ताटल्या उचलायला उठली आणि दोनदा बेनेदितानं तिला दंडाला धरून बसवलं. तिसऱ्यांदा धरलं नाही.

मग पुन्हा वाळूवर आल्यावर, पाहुणे पेंगायला लागल्यावर, बेनेदितानं खुर्ची जवळ ओढली. मम्माचं फार अवघड झालंय, ती हळूच म्हणाली. चार दिवस अंगाला पाणी लावू दिलेलं नाही. ब्राझीलहून आलेली नर्स होती, तिला मम्मा चावली, ती गेली. समुद्र मात्र तिला अजून आवडतो. तुझ्याबरोबर ती येईल.

इदालिनाला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. इतकी शिकलेली माणसं, इतके डॉक्टर, आणि शेवटी हाक तिलाच. झगा काढून ती निळ्या पोशाखात उभी राहिली आणि छत्रीखाली गुरफटून बसलेल्या बाईसाहेबांकडं, डोना कॉन्स्तान्सांकडं गेली.

“चला बाईसाहेब, पाय ओले करू या.”

म्हातारीनं वर पाहिलं. ओळखलं की नाही कोण जाणे, पण हात पुढं केला. कोलोनच्या वासाखाली तिच्या अंगाला शिळ्या लघवीचा वास येत होता. दोघी एकमेकींना धरून पाण्यात शिरल्या. बेनेदिता टॉवेल घेऊन मागोमाग काठापर्यंत आली. पाणी कमरेला लागलं तशी इदालिनानं बाईसाहेबांच्या पाठीमागं हात घातला, दुसऱ्या ओंजळीनं खांद्यावर पाणी घातलं, काखा चोळल्या, मांड्या चोळल्या. म्हातारी शांत झाली. डोळे मिटून, मालकिणीच्या सवयीच्या आवाजात बोलायला लागली.

“कोणाचा फोन होता गं, बेनेदिता?”

“कुणाचा नाही बाईसाहेब,” इदालिना म्हणाली.

“इदालिनाच्या बहिणीचा ना? काय म्हणते? पोरीला ताप आहे? पोरांना ताप येतोच. तिला काही बोलू नकोस आत्ता. संध्याकाळी बारा माणसं जेवायला आहेत, मासे कोण वाढणार? तू? जेवणं होऊ देत. रात्री बोट नसतेच. सकाळी सांगू, आत्ताच कळलं म्हणून.”

इदालिनाचा हात म्हातारीच्या पाठीवर थांबला.

तिनं वळून काठाकडं पाहिलं. बेनेदिता घोटाभर पाण्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मम्मा काहीबाही बरळते, एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. इदालिनानं मानलंही असतं, चाळीस वर्षं मानत आलीच होती. पण बेनेदिता खरं तेच बोलून गेली.

“मी एकोणीस वर्षांची होते, इदा. मम्मानं सांगितलं तसं केलं.”

“म्हणजे तुम्हाला आठवतंय.”

बेनेदिता हातातल्या टॉवेलची घडी घालू लागली.

लाट आली. मोठी नव्हती, पण बाईसाहेबांचे पाय सुटले आणि त्या मागं कलल्या. आता त्यांचं सगळं वजन इदालिनाच्या एका हातावर होतं. काडीसारखं वजन. हात काढून घेतला असता तर कुणी तिला बोल लावला नसता. म्हातारी बाई, निसरडी वाळू, अटलांटिकचा भरवसा कुणी द्यावा? इदालिनाच्या मनात हे सगळं स्वच्छ येऊन गेलं, आणि पुढची लाटही येताना दिसली. म्हातारीनं घाबरून दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकले.

“सोडू नकोस गं मला.”

इदालिनानं तिला उचललं. लग्नातल्या नवरीला उचलावं तसं उचलून वाळूवर आणलं आणि खुर्चीत ठेवलं. म्हातारी कुडकुडत होती. इदालिनाचे हात आपोआप टॉवेलकडं गेले. ते तिनं मागं घेतले.

“पूस तिला,” ती बेनेदिताला म्हणाली.

उभ्या आयुष्यात ती बेनेदिताशी पहिल्यांदाच एकेरीत बोलली होती. पाहुण्यांपैकी एकीनं डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला. बेनेदिता खाली बसली आणि आईचे पाय पुसायला लागली, ओबडधोबड, काच पुसावी तसे.

ओल्या अंगावर झगा चढवून इदालिना लाकडी वाटेला लागली. वाटेच्या टोकाशी बेनेदितानं तिला गाठलं. धावत आल्यामुळं तिला धाप लागली होती. तिचे डोळे भरले होते, ते काही खोटे नव्हते.

“ती वाचली नसतीच, इदा. डॉक्टरांनीच सांगितलं होतं नंतर. तू दुपारी गेली असतीस तरी काय फरक पडला असता?”

“तिनं मला पाहिलं असतं.”

बेनेदितानं डोळे पुसले. मम्मानं नंतर तुझ्यासाठी किती केलं, ती म्हणाली. ते सगळं तिला टोचत होतं म्हणूनच केलं असेल ना? इदालिनानं मान डोलावली. तेही खरंच असणार. मग बेनेदिता जरा थांबली, एकदा मागं छत्रीकडं पाहून तिनं आवाज खाली आणला.

“आत्ता हे विचारू नये, कळतंय मला. पण नवी नर्स महिनाभर तरी मिळायची नाही. आणि ती तुझ्याकडंच शांत राहते, बघितलंस ना. स्वयंपाकघरामागची तुझी खोली तशीच आहे. सोमवारपासून येतेस असं समजू?”

इदालिना तिच्याकडं बघत राहिली. या बाईच्या डोक्यातल्या उवा आपण रॉकेल लावून काढल्या होत्या, आणि डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर हात धरून बसलो होतो, एवढंच तिला त्या वेळी आठवलं. ती वळली आणि बसच्या थांब्याकडं चालू लागली.

बोटीत ती आत बसली, खिडकीला पाठ करून. सेतुबालच्या धक्क्याजवळ भोंगा वाजला तेव्हा तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. समोरच्या माणसानं तिला बरं वाटत नाहीये का म्हणून विचारलं. ती म्हणाली, वाटतंय.

घरी झुल्मिरा टेबलाशी कोबीचं सूप पीत होती. उन्हं अजून खिडकीत होती. तिनं बहिणीचा ओला झगा पाहिला, मिठानं पांढरे पडलेले पाय पाहिले.

“झालं डुंबून?”

इदालिनानं उभ्यानंच सांगितलं. फोन, बेनेदिता, बारा माणसं, मासे. आडपडदा न ठेवता सांगितलं; स्वतःची बाजू मांडण्यासारखं त्यात काही नव्हतंच. झुल्मिराचा चमचा मध्येच थांबला, पण तिनं तो खाली ठेवला नाही.

“मी कधी केला होता फोन?” तिनं विचारलं.

“दुपारी.”

“पुन्हा सांग.”

“दुपारी केला होतास तू.”

झुल्मिरानं डोळे मिटले. तिच्या तोंडाभोवतीच्या सुरकुत्या हलल्या. ती रडणार असं इदालिनाला वाटलं, आणि ती रडली तर जवळ जाता येईल असंही वाटलं. पण झुल्मिरानं डोळे उघडले तेव्हा ते कोरडे होते.

“आई मरेपर्यंत मला म्हणत होती,” ती सावकाश बोलली, “‘झुल्मिरा, तू खरंच झोपली नव्हतीस ना गं?’ तिला आता कोण सांगणार?”

“मला माफ कर.”

“नाही,” झुल्मिरा म्हणाली. आवाज चढला नव्हता. “नाही करायची मी.”

तिनं चमचा पुन्हा बुडवला. मग तिची नजर जमिनीवर गेली. दारापासून टेबलापर्यंत इदालिनाच्या झग्यातून पांढरी बारीक वाळू सांडली होती.

“केर काढ तो,” ती म्हणाली.

इदालिनानं दारामागचा झाडू घेतला. दारापासून सुरुवात करून ती वाळू गोळा करत टेबलापर्यंत आली आणि खाली वाकली. झुल्मिरानं सूप पीत पीतच दोन्ही पाय वर उचलले आणि तिचं झाडून होईपर्यंत तसेच अधांतरी धरले.