सोळाव्या तुकड्याची वेळ

सकाळी पाच चाळीसला गोदावरीवरच्या नव्या पुलाची दोन टोकं समोरासमोर मोजली गेली, आणि ती जुळली नाहीत. उत्तरेचं टोक एकतीस मिलिमीटर वर होतं. वीसपर्यंत चाललं असतं.

चांदपाशाने दुर्बिणीतून तिसऱ्यांदा पाहिलं. आकडा तोच. करमाडचा हा माणूस दोन वर्षं पुलाची लेव्हल घेत होता, म्हणजे टोकाची उंची मोजत होता. नदीत टेकू न लावता दोन खांबांवरून काँक्रीटचे हात एकमेकांकडे वाढत होते. दर खेपेला तीन मीटरचा तुकडा ओतायचा, मग पोलादी केबल ताणून मागच्याला आवळायचा. पुढचा साचा किती उंच धरायचा, ते चांदपाशाच्या आकड्यावर ठरे. तो आकडा सकाळच्या गारव्यातच घ्यायचा. ऊन चढलं की वरचं काँक्रीट फुगतं आणि टोक खाली झुकतं.

उत्तरेच्या हाताच्या सोळाव्या, शेवटच्या तुकड्याच्या दिवशी त्याची एसटी चुकली. लेव्हल घेतली अकराला, वहीत लिहिलं सहा. टोक झुकलेलं दिसलं म्हणून साचा वर उचलला गेला.

इंजिनिअर नानासाहेब औरंगाबादहून जीपने आले. वही चाळली. वेळा चोख होत्या, म्हणजे केबलच जास्त ताणल्या जाऊन टोक वर ओढलं गेलं, असं त्यांनी धरलं. आठ वाजता केबल ताणायचा जॅक लावून दोन सैल करायच्या ठरल्या.

चांदपाशा खांबापासून टोकापर्यंत गेला, परतला, पुन्हा गेला. पट्टी धरणारा पिशोरचा कडूबा बिडी विझवत म्हणाला, "पाशाभाई, त्या दिशी माझी सावली पायापाशीच व्हती. सहाला सावली लांब पडती."

"मालूम हाय मला."

"मला सांगून काय उपेग? केबल मी सोडायलोय व्हय?"

साडेसातला चांदपाशा नानासाहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, सोळाची वेळ खोटी हाय. अकराला घेतली होती. केबलला हात लावू नका."

नानासाहेबांनी वही मिटून स्वतःच्या पिशवीत टाकली. जॅक उतरवायला लावला आणि उत्तरेच्या टोकावर पाण्याच्या टाक्या चढवायला सांगितलं. वजनाने ते किती दबतं, ते पाहायचं होतं. चांदपाशाने थांबावं की घरी जावं, हे ते बोलले नाहीत. तो थांबला.

दुसऱ्या दिवशी पाच चाळीसला लेव्हल त्यानेच घेतली. वेळ नानासाहेबांनी आपल्या हाताने लिहिली. तीन टाक्या भरल्या होत्या, फरक तेवीस होता. चौथीत पाणी सोडलं होतं.