कुलूपबंद खोलीतली यादी

पाटोद्याच्या हायस्कुलात त्या दिवशी यंत्राची पूजा होती, सगळे पेढे खात होते आणि केसरबाई तेवढी धुसफुसत होती. राग कशाचा, तर भिंतीला पाडलेल्या भोकाचा. बीडहून दोघं जण आले, घर्रघर्र करत वर्षाराणी बाईच्या खोलीतून हेडक्लार्क विरुपाक्षआप्पांच्या खोलीत आरपार भोक पाडलं, त्यातून निळी वायर ओवली आणि खाली सांडलेला चुना तसाच टाकून निघून गेले. तो झाडायचा कुणी? केसरबाईनं. अकरा वर्षं त्या शाळेची झाडलोट तिच्याच कंबरेवर चाललेली.

"कावून ओ बाई, चांगल्या भितीची चाळण केली?" तिनं विचारलं.

वर्षाराणी ही कॉम्प्युटरवर काम करणारी, दोन वर्षांपूर्वी लागलेली. बोलायला गोड. "मावशी, आता मी इथं बसून आप्पांच्या मशीनमधली फाईल उघडायची. छापायची झाली तर त्यांच्या खोलीतला प्रिंटर इथूनच चालवायचा. फ्लॉपी घेऊन ह्या खोलीतून त्या खोलीत पळायचं बंद."

"कागद वायरीतून जातोय व्हय?"

"कागद तिथंच असतो. लिहिलेलं जातं."

"इतक्या बारीक वायरीतून? सुतळीएवढी तर हाय." केसरबाईनं खराटा उचलला. "थापा मारा गरिबाला."

पूजा आप्पांनीच केली. दोन्ही मशीनला आणि प्रिंटरला भस्माची तीन बोटं ओढली, बेल वाहिला, नारळ फोडला. आप्पांच्या वडिलांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीतला नेम त्यांनी हापिसात आणलेला: पूजेच्या दिवशी चालू केलेलं यंत्र दिवस मावळेपर्यंत आपल्या हातानं बंद करायचं न्हाई. हेडमास्तर केदारनाथ सर हसले, "आप्पा, दोनला लाईट जाते की रोज." आप्पा म्हणाले, "ती देवाची मर्जी. आपण हात लावायचा न्हाई." आता ह्याला काय बोलणार!

अकराला नेकनूरहून निरोप आला. आप्पांच्या भाचीची सुपारी फुटायची होती आणि मामाशिवाय अडलं होतं. आप्पांनी मशीन तसंच चालू ठेवलं, खोलीचं लोखंडी दार ओढलं, पितळी कुलूप घातलं, किल्ली बंडीच्या आतल्या खिशात टाकली आणि जीपला लटकून गेले. ती खोली म्हणजे पूर्वीची धान्याची कोठी, उंदरांपायी लोखंडी दार बसवलेली. खिडकी नावाला न्हाई. दाराच्या खाली मात्र दोन बोटांची फट होती. फरशी खचलेली, दुसरं काय.

दीडच्या सुमाराला केसरबाईची लेक वनमाला वर्गातून पळत आली. डोळे रडून लाल. "आये, दहावीच्या फॉर्मच्या यादीत मपलं नावच न्हाई. सरांनी वाचून दाखवली. समद्यांची हायती, मपलंच न्हाई."

केसरबाईचा नवरा हरिबा कारखान्यावर ऊस तोडायला गेलेला. दर साली शाळेत बदली बाई लावून ती बरोबर जायची. यंदा पोरीच्या दहावीसाठी म्हणून मागं राहिली, त्यावरून दिरानं अन् सासूनं काय काय ऐकवलं ते तिचं तिलाच ठाऊक. पोर यंदा परीक्षेला बसली न्हाई, तर पुढच्या दिवाळीला तिच्या हातात कोयता येणार किंवा गळ्यात डोरलं. तिसरी वाट तिच्या घरात कुणी ठेवलेली नव्हती.

यादी देण्याचा तो शेवटचा दिवस. केदारनाथ सर अडीचच्या गाडीनं ती घेऊन बीडला निघायचे होते, यादी सहीशिक्क्यासकट पिशवीत पडलेली. वर्षाराणीनं हजेरीपट काढून ताडला. दोन पानं डिंकानं, का कशानं, चिकटून बसलेली. मधलं एक नाव उतरायचंच राहिलं होतं.

"हातानं लिहून घाला की," केसरबाई म्हणाली.

"मागच्या साली तसंच केलं, तर खाडाखोड म्हणून यादी परत पाठवली त्यांनी," सर म्हणाले. "टाइपरायटरही आप्पांच्याच खोलीत. कुलूप तोडावं तर लोहार गाठायचा कुठं, अन् तेवढ्यात गाडी जाईल." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. माणूस भला, पण हात टेकलेला.

आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार? नाव यादीत न्हाई, तर बीडला कुठून पोचणार? केसरबाई भिंतीला टेकून मटकन खालीच बसली.

आणि वर्षाराणी एकदम उठली. "सर, आप्पांनी मशीन बंद नाही केलं!"

ती आपल्या मशीनपुढं बसली, काहीतरी टकटक केलं, आणि आप्पांच्या कुलूपबंद खोलीतली यादी तिच्या पुढ्यात उघडली. सर वाकले. वनमाला वाकली. केसरबाईला अक्षर कळत नव्हतं, पण एवढं कळलं, की दाराला कुलूप आहे आणि आतला कागद बाहेर बसून वाचताय‌त.

"वनमाला हरिबा तांबारे," वर्षाराणी बोलत बोलत लिहीत गेली आणि थांबली. यंदाच्या यादीत एक नवा रकाना होता. "आईचं नाव?"

तिनं सरांकडं बघितलं. सरांनी वर छताकडं बघितलं. अकरा वर्षं रोज दोन वेळा हाक मारायची, पण 'मावशी'. पगाराच्या कागदावर 'हरिबाची बायको' आणि पुढं अंगठा. सर ओशाळून म्हणाले, "मावशी, तुमचं नाव काय हो?"

"मपलं?" केसरबाई गांगरली. "मपलं कशाला? पोरीचं घाला की."

"दोघींचं लागतं."

"केसरबाई," ती म्हणाली. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडून घ्यायची वेळ कितीक वर्षांनी आलेली. आवाज जरा चिरकलाच.

वर्षाराणीनं एक बटण दाबलं.

क्षणभर काहीच न्हाई. मग भिंतीपलीकडून, त्या बंद खोलीतून आवाज आला: कर्रर्र... कर्रर्र... कर्रर्र. आत माणूस न्हाई, काणूस न्हाई, कुलूप जसंच्या तसं, आणि आत कुणीतरी लिहायला बसलं होतं! केसरबाई दारापाशी धावली, थंड लोखंडाला कान लावला आणि तिचा हात आपोआप कपाळाला गेला. "आगं माय माय माय," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"छापून झाली," वर्षाराणी म्हणाली. "पण बाहेर कशी काढायची?" पावणेदोन होऊन गेले होते.

केसरबाई पालथी पडून फटीतून बघत होती. तो प्रिंटर घडीच्या लांब कागदाचा, एकाला एक पानं जोडलेली. छापलेली पानं टेबलावरून खाली उतरून फरशीवर आली होती, पण दारापासून चांगली चार हात लांब होती.

"वर्षाताई, आजून पाठव!"

"छापून झाली मावशी."

"मोकळा कागद पाठव की! पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्याला कसं जातंय? मागून आणिक सोडलं की म्होरलं सरकतंय."

वर्षाराणी तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. मग कोरी पानं सोडत सुटली. आत पुन्हा आवाज सुरू झाला आणि कागद घडीवर घडी टाकत दाराकडं सरकू लागला. तीन हात राहिलं. दोन हात. "येतंय, येतंय, सोड!" केसरबाई ओरडत होती, वनमाला शेजारी पालथी पडलेली, आणि सर सहीचं पेन हातात धरून उकिडवे बसलेले. हेडमास्तर असे बसलेले त्या शाळेनं कधी बघितले नव्हते.

हातभर अंतर राहिलं आणि लाईट गेली.

वनमालाचं मुसमुसणं तेवढं ऐकू येत होतं. केसरबाईनं मात्र मागं हात करून खराटा ओढला, त्याचे हीर फटीतून आत सारले आणि अकरा वर्षं ज्या हातानं कचरा ओढला त्याच हातानं कागद ओढायला लागली. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा कोपरा अडकला. मग बाळाच्या अंगाखालची चौघडी काढावी तसा हळूच ओढला. कागदाचं टोक फटीतून बाहेर आलं. वनमालानं ते चिमटीत धरलं आणि मग पान, पानामागून पान, सगळी यादी व्हरांड्यात आली. शेवटच्या ओळीखाली, पानाच्या जोडावरच्या बारीक भोकांच्या रेघेवर, सरांनी स्वतः कागद फाडला.

सही झाली, शिक्का झाला. सर गाडीला पळाले आणि चालत्या गाडीत चढले. ते वनमालानं वेशीपर्यंत जाऊन डोळ्यांनी बघितलं, तेव्हा केसरबाईचा जीव भांड्यात पडला.

सर जायच्या आधी वर्षाराणीनं यादीतली ती ओळ तिला बोटानं दाखवली होती. तिच्या नावाची पाच अक्षरं. केसरबाईनं बोट टेकवलं आणि लगेच उचललं, पुसलं जाईल म्हणून.

दिवस मावळताना आप्पा आले, सगळं ऐकलं आणि त्यांची छाती फुगली. "म्हणून म्हणतो, पूजेच्या दिवशी बंद करू न्हाई!" मग खोलीत जाऊन भिंत निरखून म्हणाले, "पर हे भोक लई मोठं झालंय. पाली शिरतील. उद्या गवंड्याकडून शिमिट भरून घेऊ."

सकाळी ज्या बाईनं त्या भोकाला शिव्या घातल्या होत्या, ती खराटा घेऊन आप्पांच्या पुढ्यात उभी राहिली.

"भरा की आप्पा, पर वायरीला धक्का लावायचा न्हाई," ती म्हणाली. "लगीन झाल्यापसून मपलं नाव कुटं गेलतं न्हाई. आज त्या भोकातून गेलंय."